माझ्या हातची सुपारी

गुरुवार, ९ जानेवारी

पतपेढीकडून यांना दरवर्षी डायरी मिळते. ती कपाटात राहते आणि शिमग्यानंतर कोरीच्या कोरी रद्दीत जाते. कोरा कागद रद्दीत घालणं मला सोसवत नाही. घरखर्चाची वही वेगळी आहे, पण तिच्यात मनातलं लिहायला गेलं की बेरीज चुकते. म्हणून आजपासून इथे.

कारणही तसंच घडलं. यंदा चैत्रात देवीची पालखी जुन्या वाटेने न नेता रुंद वाटेने न्यायची असं गावकीत ठरलं, आणि ती रुंद वाट काढली माझ्या धाकट्या जावेच्या शेतातून. अनिताच्या. वाल उभा असताना त्यात खुंट्या ठोकल्या. तिला विचारलं नाही. निलेश भावजी जाऊन चार वर्षं झाली, पोरबाळ नाही, मग विचारायचं तरी कोणाला?

आज बाईंनी सगळ्या खुंट्या उपटल्या, मोळी बांधली, डोक्यावर घेऊन भर दुपारी गावातून चालत गेली आणि महिपतीच्या अंगणात टाकली. महिपती गावकीचा पुढारी. त्याला म्हणाली, "तुमच्या खुंट्या माझ्या शेतात इसरल्या हुत्या. मोजून घ्या."

देवीच्या वाटेच्या खुंट्या. हात कसा धजला कोण जाणे. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या, "बरं केलं पोरीनं."

पोरीनं. मी या घरात येऊन बावीस वर्षं झाली, मला कधी पोर म्हटलं नाही.

शुक्रवार, १० जानेवारी. एकादशी

उपास. शेंगदाणे जुने निघाले, पण टाकले नाहीत.

गावकीत कसं चालतं ते लिहून ठेवते, कारण अनिता त्यावरच घसरली आहे. देवीच्या सभामंडपात सभा बसते. मध्ये समई, तिच्यासमोर हातात धरलेलं तबक. प्रत्येक घराची एक सुपारी. तबकात समईच्या उजवीकडे ठेवली तर होकार, डावीकडे ठेवली तर नकार. पण पुरुषाने सुपारी आपली आपण उचलून न्यायची नाही. घरच्या सवाष्णीने देव्हाऱ्यातून घ्यायची, कुंकू लावायचं आणि त्याच्या हातात द्यायची. तशी निदान एक सुपारी तबकात पडल्याशिवाय सभा बसली असं धरत नाहीत. एक पडली तरी बसली. महिपतीच्या आजोबांनी म्हणे एकदा बायकोशी भांडून स्वतःच उचलून नेली होती, त्या वर्षी गोठ्यातली दोन्ही जनावरं गेली. म्हणून महिपती या बाबतीत सगळ्यांत भित्रा.

आमच्या घरची सुपारी सासूबाई देत. सासरे गेले, तेरावं झालं, त्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. तेव्हापासून हा मान माझा. देवीने दिलेला आहे, मी मागितला नव्हता.

अनिताची चूल वेगळी, म्हणजे घर वेगळं. पण तिच्या घरात ना सवाष्ण ना पुरुष. त्यामुळे तिच्या घरची सुपारी नाही. यात कोणाचा दोष आहे?

रविवार, १२ जानेवारी

सभा होती. मी यांच्या हातात सुपारी दिली आणि पाया पडले. पाठोपाठ अनिता निघाली, पांढरी साडी नाही काही नाही, कंपनीच्या कँटीनमध्ये घालते तोच पंजाबी ड्रेस, आणि मुठीत सुपारी. हळद लावलेली.

बाकीचं पिंकीने सांगितलं. माझी लेक रोह्याला अकरावीला आहे, अभ्यास सोडून देवळाच्या पायरीवर बसली होती.

महिपती म्हणाला, "घरची सुपारी सवाष्णीच्या हातून निघते नि पुरुषाच्या हातून पडते. तुझ्याकडं दोन्ही नाय."

अनिता म्हणाली, "गावकीची वर्गणी माझ्या हातून निघते नि तुमच्या हातात पडते. तवा कोण बघत नाय, हात बाईचा का बाप्याचा."

बायका हसल्या म्हणे. पिंकी ते सांगताना तिच्यासारखी मान उडवत होती. मी म्हटलं, मान सरळ ठेव.

हे तबक धरायला असतात, तो मान आमच्या घराकडे आहे. घरी आले ते जेवलेच नाहीत. खिडकीत बसून अंगणापलीकडे बघत राहिले. अंगणापलीकडे काय आहे? अनिताचं दार.

मी जुन्या साडीचा पडदा शिवायला घेतला आहे.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या दिल्या. बायका आल्या, तिळगूळ घेतला, उखाण्यांना बसल्या नाहीत. गाळणी घेऊन सरळ अंगण ओलांडून पलीकडे.

पलीकडे अनिताने पोपटी लावली होती. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. ज्या शेतातून देवीची वाट जायची त्याच शेतातल्या शेंगा. धूर माझ्या घरात आणि गप्पा तिच्या अंगणात.

पडद्याआडून ऐकत होते. ती सांगत होती, "आपण सुपारी देतो, कुंकू लावतो, नि मग घरात बसून वाट बघतो का आपल्या सुपारीनं काय ठरवलं. आमदाराला मत देतो, सरपंचाला मत देतो. देवीपुढं मात्र आपण कोण नाय."

कोणीतरी म्हणालं, "मालू येल का गो आपल्यात?"

अनिता मोठ्याने म्हणाली, "बाय, ये ना गो इकडं. पडद्यामागं उभी राहून पाय दुखतील."

मी दिवा मालवला.

सासूबाई मात्र गेल्या. हातात अंडं घेऊन परत आल्या, माझ्यासाठी. मी संक्रांतीला अंडं खात नाही हे त्यांना माहीत आहे.

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. मास्तरांनी दहावीला गावात पहिल्या आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं वाचली. सासरकडच्यांचीच. माझं शिक्षण माहेरी, जोह्याच्या शाळेत झालं, त्यामुळे माझं नाव कुठेच येत नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. अनिता आठवी नापास. पण मास्तरांनी "दोन शब्द बोला" म्हणून माईक दिला कोणाला, तर तिला.

बोलली पण. "ह्या झेंड्याखाली माझं मत मोजतात. दोनशे पावलांवर देवी हाय, तिथं नाय मोजत. देवी झेंड्यापरीस लहान हाय का?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. महिपतीने चप्पल घातली आणि निघून गेला. हे उभेच होते, डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले. मैदानात सकाळीच पाणी मारलं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

अती झालं. आज सभेच्या आधी अनिताने स्कूटीची साखळी आणि कुलूप आणलं, सभामंडपात आत बसली आणि आतून गजाच्या दाराला साखळी घातली. किल्ली पोलक्यात. "माझी सुपारी घ्या नि कुलूप काढते," एवढंच बोलणं.

मी नैवेद्य घेऊन गेले होते. बावीस वर्षांत देवीचा रविवारचा नैवेद्य चुकलेला नाही. गजाबाहेर उभी राहिले. तिने आतून हात बाहेर काढला, "दे बाय, मी दाखवते." मी दिला नाही. गजातूनच देवीला दाखवला आणि घरी आणला. भात थंड झाला. दुपारी सगळ्यांनी तोच खाल्ला.

तीन वाजता रोह्याहून पोलीस आले. कुलूप कटरने कापलं. तिला गाडीत बसवलं तेव्हा बायका मागे धावल्या, मग टेम्पो करून गेल्या. पिंकी टेम्पोत. मला न विचारता.

सोमवार, १० फेब्रुवारी

हे सकाळीच रोह्याला गेले तिला आणायला. जामीन, सह्या, काय काय. मोठा दीर म्हणून जायलाच हवं हे मलाही कळतं. पण निघताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

परत आले ती गाडीतून उतरताना बायकांनी हार घातला. आल्यापासून गावभर एकच, अनिताने चौकीत अन्नाचा कण घेतला नाही, चहासुद्धा नाही. "उपाशी राहिली गो बिचारी."

एक रात्र. मी महिन्याच्या दोन एकादश्या, एक संकष्टी, शिवाय सोमवार करते. मला हार कोणी घातला?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पेपरात फोटो आला. गजाआडून हात बाहेर काढलेला. नीट बघितलं तर कोपऱ्यात माझा नैवेद्याचा डबा आणि माझं अर्धं कोपर आहे. खाली लिहिलंय, "अनिता यांच्यासह गावातील महिला."

पिंकीने कापून भिंतीवर लावला. तांदळाच्या पेजेने चिकटवला, तो निघतही नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी. जोहे

चार दिवस माहेरी आले. पेणहून एसटीत बसले आणि छाती मोकळी झाली. जोह्यात आत्तापासूनच कारखाने भरलेत, ओट्यावर, गल्लीत, सगळीकडे न रंगवलेले गणपती सुकत ठेवलेले. नाथाच्या, माझ्या भावाच्या कारखान्यात जाऊन बसले. लहानपणी मी डोळ्यांची आखणी करायचे. नाथा म्हणायचा, मालूने डोळा काढला की मूर्ती वळून बघते.

इंदुबाई, माझी भावजय, सोंडेवर पॉलिश कागद घासत होती. मी चप्पल काढली नाही तोच म्हणाली, "आल्या गो आमच्या वन्सं. ती पेपरातली तुमचीच जाऊ ना? आमच्याकडं सगळ्या बायका इचारतात. कशी हाय हो स्वभावानं?"

मी म्हटलं, "चार माणसांसारखीच."

"जेवण करते का घरी, का नुसती भाषणं?"

"पोपटी चांगली करते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

इंदुबाई म्हणाली, "आमच्या गावात अशी एक पायजे हुती." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही शिकलेल्या ना वन्सं, तुम्ही हाव का तिच्यात?"

मी ब्रश मागून घेतला आणि एका मूर्तीचे डोळे काढले. हात हलला. एक डोळा तिरका झाला. नाथाने तो पुसला.

उद्याच परत जाते.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

काल होळीपुढे बायकांनी शपथ घेतली. बायकांना तबकापर्यंत येऊ देत नाहीत तोवर कोणीही आपल्या हातची सुपारी घरच्या पुरुषाला द्यायची नाही. होळीत नारळ टाकून शपथ. मी नैवेद्याची पोळी टाकून घरी आले होते, त्यामुळे मी शपथ घेतलेली नाही. मला कोणी बोलवायलाही आलं नाही.

आज महिपती घरी येऊन बसला. पायरीवरच. म्हणाला, येत्या तेवीस तारखेला, रविवारी सकाळी सभा. विषय एकच, अनिताचं घर वाळीत टाकायचं. कायदा आहे म्हणून कागदावर काही लिहायचं नाही, नुसतं सुपारीने ठरवायचं. वाळीत म्हणजे कोणी बोलायचं नाही, दुकानदाराने मीठ द्यायचं नाही, मेली तर खांदा द्यायचा नाही.

"पण काळुराम, बाकीच्या घरातून सुपारी निघल असं वाटत नाय," महिपती यांना म्हणाला. "एक तरी पडायला पायजे, नायतर सभाच बसत नाय. तुझ्या घरची निघल. वयनी देवाधर्माच्या हायत." मग हळू आवाजात, "नि नाय निघाली तर गाव म्हणल, दीर नि भावजय एकच. मग दोन्ही चुली एकदम."

मी आतून म्हटलं, "आमच्या घरची सुपारी कधी चुकलेली नाही."

महिपतीने हात जोडले. आख्ख्या गावात माझ्या एकटीच्या सुपारीवर अडलंय. हे लिहिताना अक्षर मोठं येतंय.

सोमवार, १७ मार्च. संकष्टी

चंद्रोदयानंतर जेवायला वाढलं. हे म्हणाले, "मालू, तू सुपारी दिली नायस तर काय हुईल गो?"

मी म्हटलं, "देवी कोपेल."

"नि समज तुझ्या हातून त्या दिवशी इसरली गेली? तब्येत बरी नसली, माहेरी गेलीस?"

मला सगळं समजलं. तिला वाचवायचंय यांना. खिडकीत बसणं, इस्त्रीचा शर्ट, झेंड्यापाशी डोळे पुसणं. मी विचारलं, "एवढी काळजी आहे तिची?"

ते म्हणाले, "निलेशची बायको हाय ती. मी तबक धरणार नि माझ्याच हातानं..." ताटावरून उठले. मोदक तीन उरले, सकाळी वाफवून पिंकीला दिले.

आधी माझ्या मनात थोडी चलबिचल होती. आता नाही. सुपारी जाणार.

गुरुवार, २० मार्च

पिंकीशी भांडण. म्हणाली, "आई, तू सुपारी दिलीस तर मी काकूकडं राहायला जाईन."

"तिच्याकडे कोणी जाणार नाही, तिला वाळीत टाकणार आहेत."

"म्हणूनच जाईन."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मी पण. माझी गोधडी हलकी हाय, उचलायला त्रास नाय."

मी सासूबाईंना म्हटलं, मी तुमचं काय कमी केलं? औषध, पाणी, अंघोळीला गरम पाणी. तिने काय केलं तुमच्यासाठी?

त्यांनी गोधडीची घडी घातली. मग म्हणाल्या, "तिनं मला इचारलं, आई, तुमची सुपारी कोणी काढून घेतली. मला आजवर कोणी इचारला नव्हता ह्यो प्रश्न."

काढून कोणी घेतली? त्यांनीच तर किल्ली दिली माझ्याकडे. म्हाताऱ्या माणसांना कोणी काही भरवलं की ते खरं वाटतं.

शनिवार, २२ मार्च

संध्याकाळी अनिता आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी. मला वाटलं रडेल, पाया पडेल. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. दोन उत्तरं होती, एक कडक, एक जरा मऊ.

ती म्हणाली, "बाय, उद्याचं माहीत हाय मला. तुझी सुपारी तुझी हाय. मी मागणार नाय."

"मागत नाहीस मग आलीस कशाला?"

"कंपनीत उद्या डबल शिफ्ट हुती, ती सोडली. म्हटलं, काय हुतंय ते बघावं. दुपारची भाकरी तुझ्याकडं मिळल का, नंतर मिळायची नाय." आणि हसली.

मी भाकरी दिली. ठेचाही दिला. ती तिथेच पायरीवर बसून खाऊन गेली. मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणता येतं. ही मागतच नाही. एवढा ताठा बरा नव्हे.

रविवार, २३ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी अंघोळ करून देव्हारा उघडला, सुपारी घेतली, कुंकू लावलं, यांच्या हातात दिली. यांचा हात गार होता. मी नैवेद्याच्या भाताकडे वळले. परत बघते तर हे निघून गेलेले आणि सुपारी दिवलीच्या कोनाड्यात ठेवलेली. कुंकवाची बाजू वर.

एवढं महत्त्वाचं काम आणि विसरले. कधीकधी यांचं डोकं जागेवर नसतं. तिच्यापायीच.

मी सुपारी ओंजळीत घेतली आणि धावत देवळात. बायका सगळ्या बाहेर उन्हात बसलेल्या, मध्ये अनिता, तिच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला माझी पिंकी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून. मला बघून कोणी हललं नाही. फक्त अनिता पायरीवरून सरकली, मला वाट द्यायला.

आत पुरुष चुळबुळत होते. तबक मोकळं. हे तबक धरून उभे. मी उंबऱ्यावरून हात पुढे केला, "अहो, राहिली तुमची."

यांनी तबक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. म्हणाले, "माझे हात गुंतलेत."

"मग तबक ठेवा ना खाली."

"सभा चालू असताना तबक खाली ठेवत नाय."

हे खरंच आहे, तसं ठेवत नाहीत. मी सुपारी घेऊन तशीच उभी. दुसऱ्या घरच्या पुरुषाने घ्यायची नाही. जमिनीवर ठेवायची नाही. महिपतीला घाम फुटला होता. मागून कोणी म्हणालं, "आरं आता सभा मोडंल." तेव्हा महिपतीच म्हणाला, "वयनी, या आत. तुम्हीच ठेवा काळुरामाच्या वतीनं. सुपारी पडल्याशी मतलब."

मी उंबरा ओलांडला. इतकी वर्षं मी फक्त मंडपाबाहेरची फरशी पुसली, कट्ट्यापर्यंत. समईच्या इतकी जवळ कधी आले नव्हते. देवीचे डोळे बाहेरून दिसतात तसे नाहीत. जवळून बघितलं तर जरा तिरके आहेत. कोणीतरी हात हलता हलता काढलेले.

महिपती म्हणाला, "उजवीकडं ठेवा, वयनी. उजवीकडं. तुम्हाला नाय कळायचं त्यातलं, मी दाखवतो," आणि बोट पुढे केलं.

मी मॅट्रिक पास आहे. उजवं-डावं मला कळतं.

मी बाहेर बघितलं. सासूबाईंची गोधडी त्यांच्या मांडीवर होती, खरंच घेऊन आल्या होत्या. पिंकीने दप्तर आणलं होतं. मला सगळं लख्ख दिसलं. ही सुपारी उजवीकडे पडली की अनिताचं घर वाळीत, आणि माझं घर रिकामं. पेपरवाले येतील, तालुका येईल, पेणहून येतील, जोह्याहून इंदुबाई डबा घेऊन येईल. सगळे तिच्या दारात. आणि माझ्या दारात महिपती हात जोडून.

मी डावीकडे ठेवली.

अनितासाठी नाही ठेवली. हे देवीसमोर लिहिते.

महिपतीचं बोट तसंच उजवीकडे होतं. मग महिपती म्हणाला, "चुकून पडली. उचला, वयनी." मी म्हटलं, पडलेली उचलत नाहीत, तुमच्या आजोबांना विचारा. बाहेर हसू फुटलं. मग गलका. कोणी म्हणे बाईची सुपारी धरायची नाही, कोणी म्हणे महिपतीनेच ठेवायला सांगितली, सगळ्यांनी ऐकलं.

तेव्हा हे बोलले. तबक डोक्याच्या उंचीला धरून. मी यांचा असा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. "सभा बसली. सुपारी एक. डावी. ठराव पडला."

दुपारी यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि मग खिडकीत बसले. मी बघितलं, तर डोळे मिटून बसले होते. पलीकडे बघतच नव्हते. पडदाही यांनीच बाजूला केला होता, वारा यावा म्हणून.

मंगळवार, २५ मार्च. एकादशी

पेपरात बातमी. "अनिता यांच्या लढ्याला यश." मला त्यांनी "त्यांच्या जाऊबाई" लिहिलंय. नाव नाही.

पण बायका आल्या. आधी रागावलेल्या होत्या, शपथ मोडून सुपारी दिलीच ना, म्हणून. मी म्हटलं, शपथ मी घेतलीच नव्हती, आणि ती कोणा पुरुषाच्या हातून पडलीही नाही. स्वतः ठेवली. मग एकीने विचारलं, "आत कसं वाटलं गो, मालू? समईपाशी?" मी सांगितलं. सगळ्या ऐकत होत्या. दोनदा सांगायला लावलं. सासूबाईंनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि माझा हात धरून ठेवला.

गुढीपाडव्यानंतर पुन्हा सभा आहे. पालखीची वाट आणि बायकांची सुपारी, दोन विषय. एका बाईची पडली ती पडली, आता बाकीच्यांना अडवायचं कसं यावर महिपती डोकं धरून बसलाय. विधवेचं मात्र तो अजून नाहीच म्हणतोय.

सगळ्या गेल्यावर अनिता आली. या वेळी आत आली, चुलीपाशी पाट घेऊन बसली. मी चहा टाकला. हातातली काडी मोडत बसली होती.

मग म्हणाली, "तीन महिने मी मरते गो बाय. पोलीस झालं, उपास झालं, शेतातला वाल तुडवला. नि पयली सुपारी पडली तुझी."

"महिपती म्हणाला ठेवा, ठेवली."

"व्हय. तुला म्हणाला. मला नाय कधी म्हणणार." तिने तोंड वळवलं. "मला आनंद व्हायला पायजे. झालाय पण. पण रातभर डोळा नाय लागला."

मला तिची कीव आली. खरंच आली. या बाईवर माझं कधी प्रेम बसेल असं वाटत नाही, पण तिच्या पोटात काय जळत होतं ते मला न सांगता कळलं, जणू माझ्याच चुलीवर ठेवलेलं भांडं. मी चहात साखर जास्त घातली. दोन चमचे.

म्हटलं, "पुढच्या सभेला तुझी सुपारी मी नेते. माझ्या हाताने नाही, तू माझ्यासोबत आत यायचं, तुझ्याच हाताने ठेवायची. महिपती नाही म्हणाला तर मीही माझी उचलून घरी येईन. मग सभा कोणाच्या सुपारीवर बसवतो ते बघू."

तिने हातातली काडी खाली टाकली.

"पण एक आहे," मी म्हटलं. "आधी माझी. मी मोठी जाऊ. तुझी माझ्यानंतर."

अनिता हसायला लागली, चहा सांडला. पाटावर, फरशीवर. "बरं बाय. तुझ्यानंतर. पण लगेच हां, मध्ये कोण घुसता कामा नये."

"मध्ये आईंची," मी म्हटलं. "त्या आपल्या दोघींच्याही आधीच्या आहेत. पण त्यांना मध्येच चालेल, मी विचारलंय."

सांडलेला चहा मी पुसला. तिला दुसरा करून दिला. दूध कमी होतं, माझ्या वाटणीचं घातलं.